तिकीट कुणी दिलं?

मला फक्त पाच मतं हवी होती, आणि तेवढ्यासाठी माझ्या तोंडाला फेस आला. ही गोष्ट २००८ च्या फेब्रुवारीतली. सगळी अमेरिका तेव्हा एकाच प्रश्नाने पछाडलेली होती: गाढवाच्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला बाई उभी राहणार की कृष्णवर्णीय माणूस? टीव्हीवर तेच, ऑफिसात तेच, देसी दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडतानाही तेच. मी मात्र त्याच मतपत्रिकेच्या अगदी तळाच्या एका रिकाम्या ओळीकडे डोळे लावून बसले होते. तिथपर्यंत बहुतेकांची नजरही जात नाही.

गाढव म्हणजे चिन्ह. अमेरिकेत दोन मोठे पक्ष, एकाचं चिन्ह गाढव, दुसऱ्याचं हत्ती. नागरिक झाल्यावर मी मतदार नोंदणीचा फॉर्म भरायला गेले, तर त्यावर सरळ प्रश्न छापलेला: तुमचा पक्ष कोणता? मी पेन खाली ठेवलं. पुण्यात माझ्या वडिलांनी कुणाला मत दिलं हे आईलाही कधी कळलं नाही, आणि इथे सरकार काउंटरवर उभं करून विचारत होतं. मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, त्यामुळे मला वाटलं फॉर्मच चुकलाय, आणि तसं मी काउंटरवरच्या बाईंना ऐकवलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुठलाच पक्ष नको असेल तर तसंही लिहिता येतं. बरेच लोक तेच करतात."

पण कुठलाच नाही असं लिहिणं माझ्या स्वभावात बसत नाही. भाजीवाल्याशी बोलतानाही मला माझी बाजू ठरवून घ्यावी लागते. मी गाढवाच्या पक्षापुढे खूण केली आणि घरी येऊन पुण्याला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, इतकी शिकलीस आणि शेवटी गाढवांत गेलीस?" नवऱ्याने या सगळ्यात भाग घेतला नाही, कारण तो अजून ग्रीन कार्डावरच होता. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही असं तो म्हणायचा. त्याचं देशप्रेम ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना विशेष उफाळून यायचं.

आमचं गाव वूस्टर शहराला लागून. आमच्या समोरच्या घरात इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, अंगात कायम एकच हिरवा स्वेटर. गावातल्या गाढव पक्षाच्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. मी पक्षाच्या नावापुढे खूण केली आहे हे मतदार यादीत वाचून त्या आमच्या दाराशी आल्या, पोह्यांचा चिवडा खाल्ला, आणि मग दर आठवड्याला येऊ लागल्या. मी त्यांना मनातल्या मनात समोरच्या बाई म्हणायचे, आणि तोंडावर काहीच म्हणायचे नाही. वयाने आईएवढ्या बाईला पहिल्या नावाने हाक मारायची माझी जीभ काही वळली नाही.

अमेरिकेतल्या पक्षांचा इतिहास मी त्यांच्याकडून चिवड्याच्या बशीवर शिकले. या देशाच्या घटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. देश उभा करणाऱ्यांना पक्ष म्हणजे रोग वाटायचा. पहिला राष्ट्राध्यक्ष पद सोडताना बजावून गेला की गटबाजीपासून सांभाळा. "आणि त्याच्याच मंत्रिमंडळातल्या दोघांनी," समोरच्या बाई बोट नाचवत म्हणाल्या, "त्याच्या नाकासमोर दोन गट उभे केले होते." ही भांडणं त्या अशा सांगायच्या, जणू काल संध्याकाळी त्यांच्याच अंगणात झाली.

एकदा त्या म्हणाल्या की पूर्वी मतपत्रिका सरकार छापायचंच नाही. प्रत्येक पक्ष आपापली छापायचा, बऱ्याचदा रंगीत कागदाची लांब पट्टी, तीवर वरपासून खालपर्यंत त्या पक्षाचेच उमेदवार. मतदाराने ती पट्टी घ्यायची आणि सगळ्यांदेखत पेटीत टाकायची. त्या पट्टीला तिकीट म्हणत. मी हातातला झारा खाली ठेवला. आपल्याकडे उमेदवारी मिळाली की तिकीट मिळालं म्हणतात, नाही मिळाली की तिकीट कापलं म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. आपला शब्द तिथूनच आला की काय हे मला ठाऊक नाही. पण दोन खंडांमध्ये तोच एक शब्द आहे हे कळल्यावर आम्ही दोघी उगाचच खूश झालो. "मग तुमच्याकडे तिकीट देतं कोण?" त्यांनी विचारलं. पक्षश्रेष्ठी, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही पूर्वी तसंच होतं. बंद खोली, सिगारचा धूर, आतल्या लोकांनी नावं ठरवायची. मग लोक चिडले. आता तिकीट मतदार देतात. म्हणूनच तर खऱ्या निवडणुकीआधी ही प्राथमिक निवडणूक."

त्यांच्याबरोबर मी समितीच्या बैठकांना जाऊ लागले. बैठक गावच्या लायब्ररीच्या तळघरात भरायची. एवढ्या बलाढ्य देशातला एवढा मोठा पक्ष, तो गावात उतरला की आठ म्हातारी माणसं आणि एक कॉफीचं भांडं एवढाच उरतो, हे पाहून मी आधी हबकले. मग मला तो आवडायला लागला. ही माणसं अंगणात लावायच्या पाट्या कुठे ठेवायच्या यावर तासभर वाद घालायची. कोण उद्या देश चालवणार याचा निर्णय शेवटी अशाच तळघरांतून वर चढत जातो, आणि त्यातल्या एका तळघरात मी खुर्ची टाकून बसले आहे, याचा मला भलताच अभिमान वाटायचा. मला त्या समितीत जायचं होतं. समितीच्या पस्तीस जागा दर चार वर्षांनी प्राथमिक निवडणुकीतच भरल्या जायच्या, आणि गावात तेवढे उत्साही लोक नसल्याने कित्येक रिकाम्या राहायच्या.

२००७ च्या शरदात समोरच्या बाईंनी एक दिवस विचारलं, "यादीत तुमचं नाव घालू का?"

मी म्हणाले, "छे छे, मी कुठे. माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत की."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक चमचा चिवडा घेतला.

मी थांबले. आता त्या पुन्हा म्हणतील, असं कसं, तुम्हीच हव्यात. मग मी म्हणेन, नको हो, मला कुठे वेळ. मग त्या तिसऱ्यांदा म्हणतील, आणि मी नाइलाज झाल्यासारखं तोंड करून होकार देईन. पंगतीत जिलबी वाढायला आलेल्याला आपण दोनदा पानावर हात आडवा धरतो तो काही जिलबी नको म्हणून नाही. पण त्यांनी बशी संपवली, आभार मानले आणि त्या घरी गेल्या. मी दोन आठवडे फोनची वाट पाहिली. मग मनातल्या मनात रुसले, आणि चिवड्यात शेंगदाणे कमी घालू लागले. त्यांना काहीच कळलं नाही.

नोव्हेंबरात सासरे आले. सासूबाई गेल्यापासून ते हिवाळा आमच्याकडे काढायचे. नागपुरात त्यांचं सायकलचं दुकान होतं, पण त्यांना विचारलं तर ते स्वतःला कार्यकर्ता म्हणवून घ्यायचे. तीस वर्षं एका पक्षासाठी त्यांनी सतरंज्या उचलल्या. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. सभेआधी सतरंज्या अंथरायच्या, सभा संपली की झटकून उचलायच्या, हेच त्यांचं काम. त्या पक्षाने त्यांना काय दिलं हे घरात कुणी विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता. मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं होतं.

जानेवारीत समोरच्या बाई नमुना मतपत्रिका घेऊन आल्या. वर दोन्ही प्रसिद्ध नावं, आणि तळाला आमच्या गावच्या समितीची यादी. मी ती दोनदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. मग मात्र माझा तोल गेला. इतक्या बैठकांना आले, पाट्या रोवल्या, पाकिटं चिकटवली, आणि माझं नाव नाही, असं मी बोलले, आणि बरंच मोठ्याने बोलले.

"पण तुम्ही नको म्हणालात," त्या चकित होऊन म्हणाल्या.

"मी एकदाच नको म्हणाले."

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या हसल्या असत्या तर मी त्यांना कधीच क्षमा केली नसती. पण त्या गंभीरपणे म्हणाल्या की हे त्यांना कुणी तरी आधीच सांगायला हवं होतं. मग त्यांनी यादीखालच्या रिकाम्या ओळींवर बोट ठेवलं. नावं देण्याची मुदत उलटली होती, पण मतदाराला त्या ओळीवर स्वतःच्या हाताने हवं ते नाव लिहिता येतं. नाव, पत्ता, आणि शेजारचा छोटा गोल काळा करायचा. अशी पाच मतं पडली की मी समितीत. चार पडली तर नाही.

त्या गेल्यावर सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "सूनबाई, मलेही एकदा विचारलं होतं."

मी टीव्ही बंद केला. ते सांगत होते आणि नजर गालिच्यावर होती. नगरपालिकेची निवडणूक होती. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, यंदा तुम्ही उभे राहता काय? "मी म्हटलं, मी काहून, तरण्या पोरायले द्या. साहेब म्हणाले, बरं. तीन दिवस दुकान उघडून बसलो, कोणी बोलवायले येईल म्हणून. चवथ्या दिवशी साहेबांच्या मेहुण्याले तिकीट भेटलं. त्याच्या सभेच्या सतरंज्या मीच टाकल्या. तुह्या सासूले मी सांगितलंच नाही का मले विचारलं होतं."

मी काही मोठ्या मनाची बाई नाही. पण त्या क्षणी मला त्यांच्या साहेबांचा, त्या मेहुण्याचा आणि आम्हा दोघांचाही असा राग आला की मी तिथल्या तिथे म्हटलं, "मी उभी राहतेय बाबा."

"तिकीट कुणी दिलं?"

"कुणीच नाही. आपणच लिहायचं."

"म्हंजे अपक्ष?"

"नाही, पक्षातच."

"आन पक्षश्रेष्ठी काय करून राहिले?"

"आत्ताच चिवडा खाऊन गेल्या."

पक्षात राहून, कुणाला न विचारता, कुणाच्या पाया न पडता माणूस उभा राहू शकतो, ही गोष्ट सासऱ्यांच्या घशाखाली उतरायला दोन दिवस लागले.

पाच मतं म्हणजे किती सोपं, असं वाटतं. माझ्या मुलीलाही वाटलं. "आई, इट्स जस्ट फाइव्ह व्होट्स," ती म्हणाली. मी कागद घेऊन मोजायला बसले तेव्हा कळलं की आमच्या मराठी गोतावळ्यात मत देऊ शकणारी माणसं किती थोडी आहेत. अर्धे व्हिसावर, बाकीचे ग्रीन कार्डावर, नवरा पासपोर्टाला मिठी मारून बसलेला. एक डॉक्टर काका-काकू सत्तरच्या दशकापासून इथे, पण काकांनी नाव नोंदवलेलं हत्तीच्या पक्षात. एकदा तिथे नाव असलं की गाढवाच्या पक्षाची मतपत्रिका हातात मिळत नाही, आणि बदलायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली. काकू मात्र कुठल्याच पक्षात नव्हत्या, आणि तशा मतदाराला आमच्या राज्यात कुठलीही एक मतपत्रिका मागता येते. म्हणजे काकू, समोरच्या बाई, मी, माझी दातांची डॉक्टर असलेली मैत्रीण आणि तिचा नवरा. मोजून पाच. टेस्टर म्हणून मला हे मुळीच पसंत नव्हतं. एक जरी चुकला की सगळं बसलं.

शिवाय मत मागायचं होतं. आयुष्यभर ज्याला आगाऊपणा म्हणतात तो करायचा होता. मैत्रिणीच्या घरी जाऊन मी हवामानाबद्दल बोलले, शाळेबद्दल बोलले, दोन कप चहा प्यायले आणि शेवटी बूट घालता घालता दारात म्हणाले, "मला मत द्या ना." तिचा नवरा म्हणाला, "ऑफकोर्स वहिनी, त्यात काय. फक्त तुमचं पहिलं नाव काय हो?"

अकरा वर्षं हा माणूस माझ्या घरच्या पुरणपोळ्या खात होता. पण त्याची तरी काय चूक? त्याच्यासाठी मी वहिनी, त्याच्या मुलांसाठी काकू, शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये अमकीची आई. मलाही त्याचं नाव ठाऊक आहे ते केवळ त्याची बायको त्याच्यावर ओरडते म्हणून. मी नाव सांगितलं, आणि मग सासरचं चौदा अक्षरी आडनाव, स्पेलिंगसकट, दोनदा. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, लक्षात राहील."

घरी सासऱ्यांनी हे ऐकलं आणि मुलीच्या वहीतले कागद फाडून चिठ्ठ्या करायला घेतल्या. नागपुरात मतदानाआधी घरोघर अशा चिठ्ठ्या वाटण्यात त्यांची हयात गेली होती. प्रत्येक चिठ्ठीवर सुरेख कॅपिटल अक्षरांत माझं नाव, आडनाव, पत्ता, आणि खाली एक गोल पेन्सिलीने काळा करून दाखवलेला. मी म्हटलं, "बाबा, पाच लोकांना पाच चिठ्ठ्या पुरे. आणि इथे असं दारोदार जात नसतात हं." ते म्हणाले, "हौ." मला बरं वाटलं. मग मी कामाला लागले, आणि दिवसभर ते काय करतात याची चौकशी केली नाही. सकाळी जेवून फिरायला जातो, एवढंच ते सांगायचे.

मतदानाच्या मंगळवारी मी सुट्टी घेतली. मतदान केंद्र शाळेच्या जिममध्ये. दारापासून दीडशे फुटांच्या आत प्रचार करायचा नाही असा नियम, म्हणून मी रस्त्याच्या कडेला उभी. बारीक, बोचरा पाऊस. हातात माझं नाव लिहिलेला पुठ्ठा, तो अर्ध्या तासात भिजून वाकला. लोक येत होते, वरच्या दोन प्रसिद्ध नावांच्या पाट्यांकडे बघून हात हलवत होते, आणि माझ्या पुठ्ठ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी बहुतेक हरवलेलं मांजर शोधतेय.

मी स्वतः मत टाकून आले. त्या रिकाम्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि स्पेलिंग दोनदा तपासलं, हे कबूल करते. डॉक्टर काकू येऊन गेल्या. मैत्रीण येऊन गेली. मग तिचा नवरा आतून हसत हसत बाहेर आला.

"वहिनी, डन. फक्त तुमचं स्पेलिंग ऐन वेळी आठवेना यार. चिठ्ठी कारमध्येच राहिली."

"मग?"

"मग 'वहिनी' असं लिहिलं. पत्ता एकदम करेक्ट टाकला."

मी त्याला काय काय बोलले ते इथे देत नाही. पुणेकर बाईला भर पावसात जेवढं नम्र आणि जेवढं कडू बोलता येतं तेवढं बोलले. तो बिचारा सॉरी सॉरी म्हणत गाडीकडे गेला, आणि मी ओला पुठ्ठा घेऊन उभी राहिले. समोरच्या बाई धरून आता चारच मतं होती. चार म्हणजे काहीच नाही. मला घरी जावंसं वाटलं. आत्ता घरी गेले आणि सगळ्यांना सांगितलं की मी काही खरं उभी नव्हतेच, तर कुणी विचारणारही नाही, असं मनात येऊन गेलं.

तेवढ्यात एक धिप्पाड माणूस ट्रकमधून उतरून माझ्यासमोर उभा राहिला. त्याने पुठ्ठा वाचला, खिशातून चारघडी कागद काढला, आणि दोन्ही पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले. त्या कागदावर सुरेख कॅपिटल अक्षरं होती आणि खाली पेन्सिलीने काळा केलेला गोल.

"ही तुम्हीच का?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

"तुमचे सासरे आले होते घरी. म्हणाले तुम्ही फार कडक आहात. घरात सगळे घाबरतात." तो हसला. "आमच्या पार्टीला तसं कुणीतरी हवंच होतं." आणि तो आत गेला.

त्याच्यामागून एक बाई आली, तिच्याही हातात चिठ्ठी. मग एक म्हातारं जोडपं, दोघांकडे मिळून एक. मला काही उमगेना, तोवर समोरच्या बाईंची जुनी गाडी रस्त्याकडेला थांबली. पुढच्या सीटवर माझे सासरे बसले होते, माकडटोपी घालून, मांडीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवून. दोन आठवडे रोज सकाळी समोरच्या बाई आपल्या लाडक्या उमेदवारासाठी गल्लोगल्ली दारं वाजवत होत्या, आणि त्यांच्या शेजारी हा गृहस्थ उभा राहत होता. बाईंचं बोलणं संपलं की हे चिठ्ठी पुढे करायचे आणि त्यांना येत असलेल्या इंग्रजीत म्हणायचे, "माय डॉटर-इन-लॉ. व्हेरी स्ट्रिक्ट. प्लीज."

"तू म्हणली होती दारोदार जाऊ नका," ते गाडीतून उतरताना म्हणाले. "मी नाही गेलो. त्या गेल्या. मी फक्त बाजूले उभा राहून राहिलो."

समोरच्या बाई म्हणाल्या की इतक्या निवडणुकांत त्यांना असा कार्यकर्ता भेटला नव्हता. एका घरी कुत्रं अंगावर आलं तर बाई मागे सरल्या, हे सरले नाहीत. एका घरी दार उघडलं नाही तर हे दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि तिसऱ्या दिवशीही. तीन वेळा, बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी हसू लागले आणि हसता हसता मला भरून आलं. दीडशे फुटांची खूण दाखवली तर सासरे म्हणाले, आपल्याकडे शंभर मीटर असते, हे तर लोक किती जवळ उभं राहू देऊन राहिले. आणि दीडशे फुटांच्या रेषेवर पाय जुळवून ते जे उभे राहिले, ते संध्याकाळी आठला केंद्र बंद होईपर्यंत. मध्ये फक्त एकदा गाडीत बसून पोळीभाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सासऱ्यांना घेऊन टाउन क्लर्कच्या, म्हणजे गावच्या निवडणुकांचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेले. काउंटरवर माझ्या नोंदणीच्या वेळच्याच बाई होत्या. सकाळपासून त्या हाताने लिहिलेल्या मतांच्या बेरजा करत होत्या. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला.

"एक मत मोजता आलं नाही," त्या म्हणाल्या. "पत्ता तुमचाच आहे, पण तुमच्या घरी वहिनी नावाचं कुणी मतदार यादीत नाही."

"नाही," मी म्हणाले. "आणि बाकीची?"

"बाकी चाळीस."

मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा चाळीस म्हणाल्या. "आणि चाळीसही स्पेलिंग बिनचूक," त्या म्हणाल्या. "हे माझ्या पाहण्यात नाही. तुमचा प्रचार कुणी सांभाळला?"

"यांनी," मी म्हटलं. "माझे सासरे आहेत. कार्यकर्ते आहेत." माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. शेजारी कुत्र्याचं लायसन्स काढायला आलेला माणूससुद्धा वळून बघू लागला. मी जिंकले होते, आणि ते लपवून ठेवायची मला मुळीच इच्छा नव्हती. मनात आलं, आता त्यांच्या त्या साहेबांना कुणीतरी फोन लावून द्या.

सासऱ्यांनी मात्र कागद काउंटरवर सपाट केला, चष्मा चढवला आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. माझं पहिलं नाव ओलांडून ते बोट चौदा अक्षरांवरून हळूहळू पुढे गेलं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि तिथे थांबलं.

"निवडून तू आली, सूनबाई," ते म्हणाले. "पण आडनाव माझं आहे."

"हो बाबा."

"तीस वर्षं दुसऱ्याची नावं भिंतीवर लिहिली मी. चुना लावून, रातोरात नाही, भर उन्हात. माझं कधी कोणी लिहिलं नाही." बोट अजून तिथेच होतं. "इथं चाळीस जणांनी आपल्या हातानं लिहिलं. एकही चुकला नाही."

मला काउंटरवरच रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. त्या बाईंनी मराठीतलं एक अक्षर न समजता टिश्यूचं खोकं पुढे केलं, आणि तो कागद तुम्ही ठेवा म्हणाल्या. सासऱ्यांनी तो दोन घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, टोपी नीट केली, आणि बाईंकडे वळून स्वच्छ आवाजात, एकदाच, मागितलं.

"वन मोअर कॉपी, प्लीज. फॉर नागपूर."